हार्मोनिक बॅलन्सर
हार्मोनिक बॅलन्सर हे मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावर बसवलेले कंपनशामक चक्र होय. सिलिंडरमधील प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकशाफ्टला किंचित पीळ बसतो व लगेच सुटतो. या धक्क्यांची वारंवारता शाफ्टच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, की अनुस्पंदन होऊन पोलादी शाफ्टही तुटू शकतो. एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या जुन्या इंजिनांच्या लांब शाफ्टला हा धोका विशेष असे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास त्यावर शामक योजला. पुढे रूढ झालेल्या प्रकारात मधला तुंबा व बाहेरचे जड कडे यांमध्ये रबर असते. कडे जडत्वामुळे मागे रेंगाळते, रबर पिळवटते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. ‘बॅलन्सर’ हे नाव त्यामुळे काहीसे फसवेच. तोल साधणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. जुन्या मोटारीत रबर कडक होऊन सुटले, तर कडे जागचे सरकते. मग त्यावरील टायमिंगची खूण खोटी ठरते आणि तिच्यावर विसंबून लावलेली ठिणगीची वेळही चुकते.