दुरुस्त केलेला मोबाईल शेतात बोलून पाहा

हातातून पडून बिघडलेला मोबाईल आपण तालुक्याच्या गावी दुरुस्त करून आणतो. दुकानात फोन लागतो, पैसे देऊन आपण परत येतो. शेतात मात्र काड्या दिसतात, पण फोन काही लागत नाही. ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही. रात्री-बेरात्री साप चावला तर १०८ ला कळवायचं कसं? अशा वेळी आपण टॉवरला दोष देतो. दर वेळी तो खरा नसतो.

परभणी आकाशवाणी बोलते, आपला रेडिओ नुसता ऐकतो. मोबाईल मात्र ऐकतो आणि बोलतोही. टॉवरचं बोलणं फोनला किती ऐकू येतं, तेवढंच काड्या सांगतात. फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचतं का, हे त्यावरून कळत नाही.

टॉवर जवळ असला की तोच फोनला हळू बोलायला लावतो. लांब गेलं की फोनला पूर्ण जोर लावावा लागतो. हा जोर ९०० मेगाहर्ट्झच्या टू-जीत जास्तीत जास्त २ वॅट, तर फोर-जीत साधारण ०.२ वॅट असतो. जोर कमी पडला की दुकानात बोलणारा फोन शिवारात मुका होतो.

स्क्रीन किंवा बॅटरी बदलताना अँटेनाची बारीक वायर नीट बसली नसेल, तरी असं होतं. ते लगेच सुधारता येतं. पण बोर्डावरचा प्रक्षेपणाचा भाग बदलला असेल, तर यंत्राला जोडून त्याचा जोर मोजावा लागतो आणि जुळणीचे आकडे फोनच्या मेमरीत भरावे लागतात. रेशन दुकानाचा काटा दुरुस्त झाल्यावर वैधमापनाचा शिक्का पुन्हा घ्यावा लागतो ना? तसंच हे. ही यंत्रं छोट्या दुकानात सहसा नसतात. तेव्हा बोर्डाचं काम अधिकृत सेवा केंद्रातच न्यावं.

फोन देण्यापूर्वी *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. परत घेताना तोच आहे का ते बघा. सॉफ्टवेअर मारताना मेमरी पुसली गेली, तर हा क्रमांक आणि जुळणीचे आकडे दोन्ही जाऊ शकतात. क्रमांकात फेरफार करणं हा दूरसंचार कायदा २०२३ नुसार गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा, की शेतात फोन चालला नाही तर परत आणीन. शेतात फोन लागला नाही, तर तिथंच उभं राहून आपलं सिम शेजाऱ्याच्या फोनमध्ये टाका. त्यात फोन लागला तर दोष आपल्या फोनचा, तोही मुका राहिला तर टॉवरचा. फोटो चढत नाही अशी तक्रार आली, तर गावच्या अधिकाऱ्यांनीही आधी एवढं करून बघावं. पाच मिनिटांचं काम आहे, पण शेतकऱ्याचा तालुक्याचा हेलपाटा वाचेल.