बी.ए.ला समाजशास्त्र? मग पुढं काय?

'काहीच मिळालं नाही म्हणून घेतलेला विषय' असा शिक्का समाजशास्त्र आणि मानवशास्त्रावर अजूनही बसलेला आहे. तो खरा आहे का? हे विषय घेणाऱ्या मुलांना तीन-चार वर्षांत नेमकं काय मिळतं? आणि पोटापाण्याचं काय? जयपूरच्या गल्ल्यांतून घेतलेला हा शोध.

जयपूरमधलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. वडील बँकेत, बदली होऊन आलेले आणि इथंच रमलेले. आईच्या स्वयंपाकघरात दाल-बाटी आणि पुरणपोळी दोन्ही सुखानं नांदताहेत. बारावीचा निकाल लागलाय, मुलीला चांगले ब्याऐंशी टक्के पडलेत. पेढे वाटून होतात न होतात तोच ती जाहीर करते, "बाबा, मी बी.ए.ला समाजशास्त्र घेणार."

घरात शांतता. मग आई म्हणते, "अगं, ते तर कुठंच प्रवेश मिळाला नाही की घेतात!" बाबा चष्मा पुसत म्हणतात, "बी.कॉम. कर, बँकेची परीक्षा दे, आयुष्य मार्गी लागेल." आणि साताऱ्याहून फोनवर आजी हसून विचारते, "समाज काय शिकायचा असतो का गं? तो आपोआप कळतो!"

असं घर जयपूरातच कशाला, पुण्यात, नागपुरात, इंदुरात, कुठंही सापडेल. तिघांचंही म्हणणं काळजीपोटी आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण आजीचं वाक्य तपासून पाहायला हवं. समाज खरंच आपोआप कळतो?

गुलाल गोट्याचा धडा

जयपूर शहर सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलं. सरळ रस्ते आणि नऊ चौकोनी भाग, म्हणजे इथल्या भाषेत चौकड्या, ही त्याची आखणी. २०१९ मध्ये युनेस्कोनं या परकोट्यातल्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटक हवामहालासमोर फोटो काढून पुढं जातात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं मात्र गल्ल्यांच्या नावांच्या पाट्या वाचाव्यात. मनिहारों का रास्ता म्हणजे लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्यांची गल्ली. ठठेरों का रास्ता म्हणजे भांडी घडवणाऱ्यांची. खजानेवालों का रास्ता संगमरवरी मूर्तींसाठी प्रसिद्ध. कोणत्या धंद्यातल्या लोकांनी कुठं राहावं, हे शहराच्या नकाशातच लिहिलेलं आहे.

मनिहारांच्या गल्लीत होळीच्या आधी जाऊन बघा. लाख तापवून, फुंकून कारागीर तिचा पातळ, पोकळ चेंडू करतात, त्यात गुलाल भरतात आणि तोंड बंद करतात. अंगावर फेकला की चेंडू फुटतो आणि गुलाल उधळतो. हाच जयपूरचा गुलाल गोटा. राजघराण्याच्या होळीत तो खेळला जाई. आणि तो बनवणारे मनिहार मुसलमान आहेत! हिंदूंच्या सणाचा हा रंग पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घरांतून येतो.

आपण म्हणू, "वा, किती छान!" आणि पुढं जाऊ. समाजशास्त्राचा विद्यार्थी इथंच थांबून विचारतो, हे कसब घरातल्या लेकी-सुनांना शिकवतात की फक्त मुलांना? नवी पिढी ते शिकते आहे का? गोट्याच्या किमतीतला कारागिराच्या हाती किती येतो आणि दुकानदाराच्या किती? ज्या गोष्टीकडे सगळे रोज पाहतात, तिच्याबद्दल कुणीच न विचारलेला प्रश्न विचारणं, या विषयाची सुरुवात इथून होते.

दोन विषय, एकच अंगण

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांत फरक काय, असं पालक हमखास विचारतात. ढोबळमानानं सांगायचं तर समाजशास्त्र कुटुंब, जात, धर्म, शिक्षण, शहर, कारखाना, कायदा अशा व्यवस्थांचा अभ्यास करतं. मानवशास्त्राचं अंगण आणखी मोठं आहे. माणसाचं शरीर, हाडं, रक्तगट आणि जनुकं, प्राचीन हत्यारं, भाषा, आदिवासींचं आणि इतर समाजांचं जगणं, हे सारं त्यात येतं. राजस्थानात मीणा, भील, गरासिया, सहरिया अशा जमाती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे साडेतेरा टक्के होतं. म्हणजे अभ्यासाला विषय दारातच आहे.

दोन्ही विषयांना जोडणारी गोष्ट म्हणजे क्षेत्रकार्य. लोकांमध्ये जाऊन राहायचं, बघायचं, ऐकायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. या वहीची किंमत काय असते? एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणं केली. १९७० मध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डला लिहायला बसले असताना तिथं जाळपोळ झाली आणि त्या टिपणांची राख झाली. श्रीनिवासांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी ते गाव आठवणीतून पुन्हा उभं केलं आणि १९७६ मध्ये 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे पुस्तक आलं. मन लावून पाहिलेलं गाव माणूस विसरत नाही, हेच खरं!

आपल्या इरावतीबाई

मराठी माणसाला या विषयांची ओळख करून घ्यायला लांब जायला नको. देशातला पहिला विद्यापीठीय समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात सुरू झाला. पुढं त्याच विभागात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एक तरुण मुलगी शिकली. तिचं नाव इरावती कर्वे.

फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. आणि मुंबईहून एम.ए. करून इरावतीबाई जर्मनीला गेल्या. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्याची बुद्धीही श्रेष्ठ, या समजुतीला पुरावा हवा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही फरक दिसत नाही, असा निष्कर्ष लिहिला. परका देश, हातात अधिकार असलेला गुरू आणि पंचविशीतली भारतीय विद्यार्थिनी! तरी जे मोजमापात आलं नाही, ते तिनं लिहिलं नाही. १९३० मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली.

पुढं १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी या विषयांचा विभाग उभा केला. सामान्य वाचक त्यांना 'युगान्त'मुळं ओळखतो, पण अभ्यासकांच्या लेखी त्यांचं मोठं काम म्हणजे १९५३ मधलं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक. त्यात त्यांनी देशाचे चार विभाग केले आणि राजस्थान व महाराष्ट्र हे दोन्ही एकाच, मधल्या विभागात घातले.

पण या विभागातही दोन टोकं आहेत. राजस्थानात बहुतेक हिंदू जातींमध्ये स्वतःचं, आईचं अशी गोत्रं टाळून सोयरीक होते. मामाची मुलगी म्हणजे सख्खी बहीणच! महाराष्ट्रात मात्र अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न ही हक्काची सोयरीक मानली जात आली. जयपूरच्या वर्गात एखाद्या मराठी मुलीनं हे सांगून पाहावं. मैत्रिणींचे डोळे विस्फारल्याशिवाय राहणार नाहीत.

आता आठवा, आपल्याकडे जुन्या पिढीतल्या सुना सासूला काय हाक मारत? 'आत्याबाई!' आत्याच्या मुलाशी लग्न झालं की आत्याच सासू होणार. ती रीत अनेक घरांतून गेली, पण हाकेत उरली. रोज कानावर पडणारा हा शब्द 'आपोआप' कुणाला कळला होता?

आखातीजचा प्रश्न

हा विषय मनोरंजक आहे, पण नुसता मनोरंजक नाही. अक्षय्य तृतीयेला राजस्थानात आखातीज म्हणतात. या मुहूर्तावर होणाऱ्या बालविवाहांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. गंमत म्हणजे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते हरबिलास सारडा याच राजस्थानातले, अजमेरचे! कायदा होऊनही प्रथा का टिकली?

'लोक अडाणी आहेत' हे सोपं उत्तर झालं. क्षेत्रकार्य करणाऱ्यांना दिसतं ते वेगळं. मोठ्या बहिणीच्या मांडवातच धाकटीचं लग्न उरकलं की खर्च एकाचाच. म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या मौसर या जेवणावळीला गोतावळा जमतोच, तेव्हाच लग्नंही लावली जात. गावात शाळा आठवीपर्यंतच असेल, तर पुढं मुलगी घरी बसवून काय करायचं, ही भीती. म्हणजे पोलिसांबरोबर शाळा आणि बसही हवी. कारण कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी नाक मुरडू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वर्षं वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं, त्यांचं प्रमाण राजस्थानात सुमारे २५ टक्के होतं. पुढारलेल्या महाराष्ट्रात? सुमारे २२ टक्के! समाजशास्त्र असा आरसा आपल्यासमोरही धरतं.

बाबांचा प्रश्न : नोकरीचं काय?

आता बाबांच्या काळजीकडे वळू. स्पष्टच सांगायला हवं, नुसत्या बी.ए.वर 'समाजशास्त्रज्ञ' म्हणून कुणी नोकरी देत नाही. या विषयात काम करायचं तर पुढं शिकण्याची तयारी हवी. वाटा मात्र आहेत.

एम.ए. करून नेट परीक्षा दिली तर प्राध्यापकीची वाट उघडते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तर रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक उपक्रम यांत काम मिळू शकतं. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते आहे. मानवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी १९४५ मध्ये स्थापन झालेली भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण ही सरकारी संस्था आहे. तिची केंद्रं उदयपूरला आणि नागपूरलाही आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत हे दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून घेता येतात, त्यांना ५०० गुण असतात. आणि बँकेची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. म्हणजे बाबांची वाटही बंद होत नाही!

कॉलेज निवडताना

जयपूरमध्ये राजस्थान विद्यापीठ १९४७ पासून आहे आणि मुलींसाठीचं महाराणी कॉलेज त्याही आधीचं, १९४४ चं. समाजशास्त्राची पुस्तकं छापणारी रावत पब्लिकेशन्स ही प्रकाशनसंस्थाही जयपूरचीच. तेव्हा पुस्तकांना तोटा नाही. तरी प्रवेश घेण्यापूर्वी काही चौकश्या जरूर करा.

मानवशास्त्र सगळ्याच कॉलेजांत मिळत नाही आणि काही विद्यापीठांत त्यासाठी बारावीला विज्ञान लागतं. त्यामुळं नियम आधी वाचा. कॉलेजात प्रकल्प आणि क्षेत्रभेटी खरोखर होतात की कागदावरच, हे वरच्या वर्गातल्या मुलींना विचारा. ग्रंथालयात बसायला मिळतं का, ते पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाइड, ज्याला इथं 'पासबुक' म्हणतात, त्यावर तीन वर्षं काढायची असतील तर हा विषय घेऊच नका. पासबुक पाठ करून पदवी मिळेल, पण नजर मिळणार नाही. अशा पदवीला मग 'काहीच मिळालं नाही म्हणून' हेच म्हणावं लागेल.

पालकांनीही एक करावं. मुलगी घरातल्याच गोष्टींबद्दल विचारू लागेल. आई सगळ्यांच्या शेवटी का जेवते, कामवाल्या बाईंचा कप वेगळा का, लग्नपत्रिकेत मुलाच्या पदव्या आधी का? तेव्हा रागावू नका. तिचा अभ्यास नीट चालला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या जयपूरच्या घरी बाबांनी अखेर अर्जावर सही केली असं समजू. पहिल्या सहामाहीत मुलीला प्रकल्प मिळाला आहे, घरातल्या तीन पिढ्यांची नातीगोती लिहून काढा. ती साताऱ्याला फोन लावते. "आजी, तू तुझ्या सासूबाईंना आत्याबाई का म्हणायचीस गं?"

"अगं, म्हणायचे, म्हणजे सगळ्याच म्हणायच्या..." आजी थबकते. मग म्हणते, "थांब, आधी वही घे."