दोन शिक्षकांची शाळा : वर्गात अडले तर विचारायचे कोणाला?

छोट्या शाळांतील शिक्षक आणि मुख्याध्यापक एकटे का पडतात? केंद्रप्रमुखांचे काम नेमके काय? शाळा एकत्र केल्याने प्रश्न सुटेल का? समजून घेऊया.

बीड : कपिलधार म्हटले की संत मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यातला धबधबा आणि कार्तिक पौर्णिमेची यात्रा डोळ्यासमोर येते. यात्रेच्या दिवसांत मांजरसुंब्यापासूनच्या रस्त्यावर गर्दीच गर्दी असते. एरवी मात्र बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात वाड्या, वस्त्या आणि तांडे दूरदूर विखुरलेले आहेत. अशा भागात जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे अनेकदा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी किंवा पाचवीचे वर्ग.

दोघांपैकी एक जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामावर गेला की शाळा एकशिक्षकी होते. तिसरीतल्या एखाद्या मुलाला हातच्याची वजाबाकी काही केल्या जमत नसेल, तर "तुम्ही हे कसे शिकवता?" असे विचारायला शेजारच्या वर्गात कोणी नसते. शिक्षकांच्या या व्यावसायिक एकटेपणाची चर्चा क्वचितच होते. त्याचे परिणाम मात्र थेट मुलांच्या शिकण्यावर होतात.

शाळेत दोनच शिक्षक का?

याचे उत्तर नियमात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असतील तर दोन शिक्षक मिळतात. ६१ ते ९० पटाला तीन आणि ९१ ते १२० पटाला चार. स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद पट १५० च्या वर गेल्यावरच आहे.

म्हणजे पद पटावर ठरते, वर्गांच्या संख्येवर नाही. मुले १५ असोत की ५५, इयत्ता तितक्याच राहतात. दोन शिक्षकांनी त्या वाटून घ्यायच्या आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्तांना एकाच वेळी शिकवायचे. यालाच बहुवर्ग अध्यापन म्हणतात.

आकडे काय सांगतात?

२०२३ मध्ये समोर आलेल्या माहितीनुसार राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यात १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक होते.

हिशोब केला तर एका शिक्षकामागे सुमारे सहा मुले येतात. कागदावर ही चैन वाटते. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहा : एका शाळेत सरासरी दोनच शिक्षक. म्हणजे प्रत्येकाला दिवसभरात एकच सहकारी.

युडायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी आहेत. महाराष्ट्रात अशा शाळांची संख्या ८,१५२ आहे. तिथे तो एक सहकारीही नाही.

मुख्याध्यापकाचे काय?

पट कमी असलेल्या शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक नसल्याने ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार येतो. वर्ग तर त्याला सांभाळायचाच असतो. त्यावर पोषण आहाराची रोजची नोंद, युडायसची माहिती, कीर्द, दाखले आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सचिवपदही येते.

बीड जिल्ह्यात यात आणखी एक भर पडते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पालक कारखान्यांकडे निघतात. मुले गावात थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात आणि त्यांचा भार पुन्हा शाळेवर येतो. कोणते मूल आजीकडे थांबले, कोणते आई-वडिलांबरोबर गेले, परत आल्यावर त्याला कुठून शिकवायला सुरुवात करायची, हे सगळे प्रभारी मुख्याध्यापकाला ठरवावे लागते. अशाच अडचणीतून जाणारा दुसरा मुख्याध्यापक पुढच्या वाडीत असतो. पण दोघांची भेट होते ती बैठकीत, आणि बैठकीचा विषय असतो माहिती कधी देणार.

हा प्रश्न फक्त खेड्यांचा आहे का?

नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शाळेच्या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली होती. प्रत्येक अंडे आपापल्या खळग्यात, तसा प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गात. शेजारी असूनही एकमेकांचे काम कोणी पाहत नाही. शहरातल्या मोठ्या शाळेतही हे घडते. फरक इतकाच, की तिथे मधल्या सुट्टीत स्टाफरूम असते.

मग केंद्रप्रमुख कशासाठी?

नेमके याचसाठी. छोट्या शाळा जोडून त्यांचा समूह करावा, ही कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मांडली होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. एकशिक्षकी शाळांचा अभ्यास त्यांनी आयोगाच्या आधीच केला होता.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रांची रचना केली. आसपासच्या शाळांचे एक केंद्र आणि त्याला एक केंद्रप्रमुख. राज्यात अशी सुमारे ४,८६० केंद्रे आहेत. केंद्रप्रमुखाने शाळांना भेटी द्यायच्या, वर्ग पाहायचे, शिक्षकांना अडचणीत मदत करायची आणि दरमहा शिक्षण परिषद घ्यायची, अशी अपेक्षा आहे.

गाडी कुठे अडते?

पहिली अडचण रिक्त पदांची. २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या २,३८४ पदांसाठी विभागीय परीक्षा जाहीर झाली आणि नंतर ती पुढे ढकलली गेली. पद रिकामे असले की एकाच व्यक्तीकडे दोन-तीन केंद्रांचा प्रभार जातो, नाहीतर एखाद्या शिक्षकाला वर्ग सोडून ते काम करावे लागते.

दुसरी अडचण कामाच्या स्वरूपाची. केंद्रप्रमुख हा शिक्षकाचा मार्गदर्शक न राहता माहिती गोळा करणारा दुवा बनतो. 'अतितातडीचे', 'आजच लिंक भरा', 'निरंक असल्यास तसे कळवा' असे संदेश दिवसभर मोबाईलवर येतात. शिक्षक गटात असतात, पण त्या गटात शिकवण्याबद्दल बोलणे होत नाही.

तिसरी अडचण भीतीची. वर्ग पाहायला येणारा माणूस बहुतेक वेळा तपासणीला आलेला असतो. अशा माणसासमोर "मला हे जमत नाही" असे कोणता शिक्षक म्हणेल?

शाळा एकत्र केल्या तर?

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करण्याची चर्चा सुरू झाली. त्यासाठी पानशेत आणि तोरणमाळ येथील उदाहरणे पुढे करण्यात आली. एका ठिकाणी जास्त शिक्षक आले की वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळेल आणि त्यांची आपसात चर्चाही होईल, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० देखील सांगते, की शिक्षक समूहात अधिक चांगले काम करतात.

पण मुलांच्या दृष्टीने हिशोब वेगळा आहे. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. डोंगरपट्ट्यात शाळा चार-पाच किलोमीटर लांब गेली आणि आई-वडील फडावर असतील, तर सहा वर्षांच्या मुलीला रोज गाडीपर्यंत कोण सोडणार? शिक्षकांचा एकटेपणा घालवताना मुलीची शाळाच सुटली, तर तो उपाय महागात पडेल. धोरणातही शाळा जोडण्याचा अर्थ प्रत्येक वेळी त्या बंद करणे असा नाही. शाळा जागेवर ठेवून शिक्षकांना एकत्र आणणे हाही त्यातला मार्ग आहे.

हे कुठे घडले आहे का?

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट हे राज्यातले सर्वांत परिचित उदाहरण. तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. राज्यभरातून शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात या भेटींना वेग आला. तिथे गेलेल्या शिक्षकांना आपल्यासारख्याच शाळेतला चालू वर्ग डोळ्यांनी पाहायला मिळाला. भाषणातून हे मिळत नाही.

जपानमध्ये हे नेहमीच्या कामाचा भाग आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी घेतात. नंतरची चर्चा पाठावर होते. शिक्षकाला गुण दिले जात नाहीत.

आपल्याकडे काय करता येईल?

यासाठी नवी योजना लागत नाही. शिक्षण परिषद आहेच. ती सूचना वाचून संपवण्याऐवजी त्यात एक प्रत्यक्ष पाठ आणि एका खऱ्या अडचणीवर चर्चा ठेवता येते. शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा एकमेकांचा वर्ग पाहू देता येतो. मात्र त्या दिवशी मागे वर्ग कोण सांभाळणार, याची सोय आदेशातच हवी. केंद्रप्रमुखांची पदे भरणे आणि माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडून कमी करणे, हे शासनाच्याच हातात आहे.

पालकही यात काही करू शकतात. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारता येतील : आपल्या गुरुजींनी आणि बाईंनी या वर्षी दुसऱ्या कोणाचा वर्ग पाहिला का? आणि केंद्रप्रमुख शेवटचे आले, तेव्हा ते वर्गात किती वेळ बसले आणि कार्यालयात किती?