नदीच्या वाट्याला किती पाणी?

तापी-पांझरेचं पाणी नळाला, शेताला, वीज केंद्राला वाटून होतं. आणि नदीत राहणाऱ्यांना?

खान्देशचा माणूस पुण्या-मुंबईत नोकरीला आला, की मे महिन्यात घरी फोन लावल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'नळाला कितव्या दिवशी पाणी येतंय?' मी धुळ्याचा, त्यामुळे मीही तेच विचारतो. हल्ली मात्र एक पुरवणी जोडतो: 'पांझरेत डोह उरलेत का?' घरचे हसतात.

हसू द्या! पण पात्र कोरडं पडलं, की मासे, कासवं, सगळ्यांचं जग त्या चार-दोन डोहांत मावतं. महसीरचंच घ्या ना. गळ टाकून बसणाऱ्यांचा हा हीरो तापी खोऱ्याचा जुना रहिवासी. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढायचं आणि खडीवरच्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात अंडी घालायची, हा त्याचा शिरस्ता. मध्ये धरण आलं की रस्ता बंद. वाळू-खडी उपसली की बाळंतघर गेलं. डोह आटला की खेळ खलास.

तुम्ही म्हणाल, इथे माणसांनाच पाणी पुरत नाही आणि हा माशांचं काय घेऊन बसलाय? मुद्दा रास्त आहे. हतनूरचे 41 दरवाजे उघडले की बातमी होते, पण उरलेलं वर्षभर त्याच पाण्यावर भुसावळसारखं शहर आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र चालतं. ते बंद करा, असं कोण म्हणेल?

हाच पेच अमेरिकेतल्या व्हर्जिन नदीवर पडला. नदी वाळवंटातली, काठावर युटामधलं झपाट्यानं वाढणारं सेंट जॉर्ज शहर आणि पाण्यात बोटाएवढा 'वूंडफिन' मासा. 1970 पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. 2002 मध्ये तिथे पाणीपुरवठा करणारी संस्था आणि वन्यजीव खाती एका टेबलावर बसली. शहराला पाणी द्यायचं, पण नदीही वाहती ठेवायची, असं ठरलं. बाहेरून घुसलेला 'रेड शायनर' मासा काढला, तो परत वर चढू नये म्हणून अडथळे बांधले, वूंडफिनची पैदास करून मासे नदीत सोडले. वूंडफिन अजून धोक्याबाहेर नाही. पण पाण्याच्या हिशेबात त्याचं नाव तरी आहे!

असा हिशेब शिकायला युटालाच जायला हवं असंही नाही, बरं का. पांझरेवरची फड पद्धत तीनशेहून जास्त वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्यानं स्वतः हात लावायचा नाही. पाऊस कमी झाला, तर कोणता फड पडीक ठेवायचा हे सगळे मिळून ठरवत. शेतात झिरपलेलं पाणी पुन्हा नदीला मिळून खालच्या बंधाऱ्याच्या कामी येई.

मग आणखी एक फड नदीच्याच नावावर का नसावा? दरवर्षी पाण्याचं वाटप ठरतं, तेव्हाच प्रत्येक तालुक्यातले काही खोल डोह राखून ठेवायचे. तिथे मोटार लावायची नाही, वाळू उपसायची नाही, उन्हाळ्यात जाळंही टाकायचं नाही. शहराचं पाणी यानं फारसं कमी होणार नाही. पहिल्या पुरात महसीर वर चढायला निघेल, तेव्हा निघायला तो जिवंत तर असायला हवा.