मॉडेल रॉकेटचं किट घरी कसं बांधायचं? आणि त्यात इंजिन का नसतं?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं ओळीनं येतात. या पट्ट्याचं आणि आगीचं नातं जुनं आहे. अंबरनाथचा विम्को नाका आजही काडेपेटीच्या कारखान्याचं नाव सांगतो. स्वीडिश मॅच कंपनीनं १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी म्हणजेच विम्को काढली आणि काड्यांचा कारखाना इथे उभा राहिला. त्याच अंबरनाथमध्ये संरक्षण खात्यासाठी काम करणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि नौदलासाठी संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे.

अशा गावातल्या पोराला रॉकेटचं वेड लागलं तर नवल नाही. कुणाचा मामा अमेरिकेतून येताना मॉडेल रॉकेटचं किट आणतो, कुणी ऑनलाइन मागवतं. खोका उघडला की पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचं टोक, लाकडाचे पंख, छोटं पॅराशूट असं सगळं निघतं. फक्त इंजिन निघत नाही.

मग सुरू होतो शोध. व्हिडिओत कुणीतरी काड्यांची गुलं खरवडून पाइपात भरत असतं, कुणी फटाके फोडून त्यातली दारू काढत असतं. बोटं आणि डोळे जातात ते इथेच. म्हणून किट बांधायच्या आधी त्यात इंजिन का नसतं हे समजून घेतलेलं बरं.

बूट विकणाऱ्या माणसानं लावलेला शोध

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचं गाव आहे. तिथे ऑरव्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं आणि त्यांना फटाक्यांचा नाद होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा. रॉकेट कसं उडतं हे लोकांना दाखवता यावं म्हणून या दोघांनी १९५४ साली एक छोटं रॉकेट बनवलं. ते उडायचं, वर जाऊन पॅराशूट उघडायचं आणि सुखरूप खाली यायचं. इंजिनाचं नळकांडं बदललं की तेच रॉकेट पुन्हा उडायचं.

१९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली शाळकरी पोरं घराच्या तळघरात रॉकेटची दारू कालवायला लागली. लोखंडी पाइप फुटले, मुलं जखमी झाली, काही दगावली. व्हाइट सँड्सच्या प्रक्षेपण तळावर काम करणारे हॅरी स्टाइन यांनी हे पाहिलं होतं. कार्लाइल यांचं रॉकेट हातात पडल्यावर त्यांना उपाय सापडला. रॉकेट मुलांनी बांधायचं, पण इंजिन कारखान्यातूनच आलं पाहिजे. पुढे १९५८ च्या सुमारास व्हर्नन एस्टेस यांनी ही इंजिनं आपोआप बनवणारं यंत्र तयार केलं. त्याला त्यांनी ‘मेबल’ असं नाव दिलं होतं. आज जगभर विकली जाणारी एस्टेसची किट त्यांनीच सुरू केलेल्या कंपनीची.

म्हणजे इंजिन वेगळं ठेवणं ही किटमधली त्रुटी नाही. हा छंद उभा आहे तोच त्या एका नियमावर.

इंजिनावरच्या आकड्यात काय असतं?

साध्या इंजिनावर ‘ए८-३’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातलं अक्षर एकूण ताकद सांगतं. ‘ए’ म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते, म्हणजे ‘बी’ ५ आणि ‘सी’ १०. मधला ८ म्हणजे सरासरी ८ न्यूटन जोर, ढोबळमानानं ८०० ग्रॅम वजन उचलण्याइतका. शेवटचा ३ सगळ्यात महत्त्वाचा. इंधन संपल्यावर ३ सेकंदांनी एक छोटा बार उडतो, त्याचा दाब नळीत पुढे जातो, टोक निघतं आणि पॅराशूट बाहेर पडतं.

हा उशीर कमी पडला तर पॅराशूट भर वेगात उघडून फाटतं. जास्त झाला तर रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे येतं. इतका नेमका हिशेब घरी कालवलेल्या दारूत बसत नाही.

काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. ते घासलं गेलं तरी पेटू शकतं. गुलं बंद नळीत दाबून भरली की जळताना वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही. अशा वेळी रॉकेट उडत नाही, नळी फुटते. धातूची नळी असेल तर तिचे तुकडे होऊन अंगात घुसतात.

हे काम तज्ज्ञांनाही सोपं नाही. भारताच्या रॉकेटसाठी घन इंधन तयार करण्यात डॉ. वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता. थुंबामध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग केले. आणि इतका अनुभव गाठीशी असलेल्या इस्रोच्या श्रीहरिकोट्यातल्या घन इंधनाच्या कारखान्यात २३ फेब्रुवारी २००४ रोजी आग लागून ६ जणांचा जीव गेला. जिथे प्रशिक्षित माणसं, नियम आणि यंत्रं आहेत तिथे हे घडू शकतं, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काय होईल?

बांधणी : घाई करायची नाही

बाकीचं सगळं काम मात्र घरी करता येतं. पहिल्यांदा बांधणाऱ्यासाठी साधारण एक फूट उंचीचं, तीन किंवा चार पंखांचं किट पुरेसं असतं.

सुरुवात इंजिनाच्या घरापासून होते. ही एक लहान नळी असते आणि दोन पुठ्ठ्याच्या चकत्यांनी ती मोठ्या नळीच्या मधोमध बसते. ती तिरकी बसली तर इंजिनाचा जोरही तिरका लागतो. म्हणून आधी गोंद न लावता बसवून बघायचं. चकती घट्ट होत असेल तर पॉलिश पेपरनं कडा हलकी घासायची. गोंद लाकडाचा, म्हणजे फेव्हिकॉलसारखा पांढरा वापरायचा. चकत्या आत सरकवताना हात मध्येच थांबला तर गोंद ओढून घेतो आणि चकती अर्ध्यावर अडकते.

पंख बहुतेक वेळा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे असतात. या लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. त्या आडव्या असतील तर पंख वाऱ्यात किंवा उतरताना सहज मोडतो. पुढची कड गोलसर घासायची, मागची निमुळती करायची, पण नळीला चिकटणारी कड सरळच ठेवायची.

चिकटवायची जुनी युक्ती आहे. पंखाला आणि नळीवरच्या खुणेला गोंदाची पातळ रेघ ओढायची, थोडी सुकू द्यायची, मग पुन्हा थोडा गोंद लावून दाबून धरायचं. सगळे पंख लागल्यावर टोकाच्या बाजूनं एक डोळा मिटून नळीकडे बघायचं. पंख सरळ आणि सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. शेवटी सांध्यावर बोटानं गोंदाची बारीक गोलाई करायची. तिनं सांधा पक्का होतो.

पॅराशूटला टोकाशी आणि नळीशी जोडणारी लवचीक दोरी कागदाच्या घडीत चिकटवून नळीच्या आत लावतात. ही घडी जाड झाली तर पॅराशूट तिथेच अडकतं.

रंगकाम दिसण्यापुरतं नसतं

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कुठल्याही पॉलिशवाल्याला विचारलं तर तो सांगेल, रंगाआधी लाकडाची छिद्रं बुजली पाहिजेत. इथेही तेच. बाल्सावर सँडिंग सीलरचा हात द्यायचा, सुकला की बारीक पेपरनं घासायचं, पुन्हा हात द्यायचा. दोन-तीन वेळा केलं की लाकडाच्या रेषा दिसेनाशा होतात. पुठ्ठ्याच्या नळीवर गोल फिरणारी बारीक चीर असते. तिच्यात पातळ लांबी भरून घासली की तीही जाते. गुळगुळीत अंगावर हवेचं घर्षण कमी होतं आणि रॉकेट जास्त उंच जातं.

नंतर प्रायमर आणि त्यावर स्प्रेचे पातळ हात. एकदाच जाड फवारा मारला तर ओघळ येतात आणि वजन वाढतं. शेपटीकडे वजन वाढणं रॉकेटसाठी वाईट. टोकाचा जो भाग नळीच्या आत जातो, त्यावर मास्किंग टेप लावायची. तिथे रंग बसला तर टोक आवळून बसतं, बार उडाला तरी निघत नाही आणि रॉकेट भाल्यासारखं खाली येतं.

पावसाळ्यात रंगकाम टाळलेलं चांगलं. हवेत दमटपणा असला की स्प्रेच्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि पुठ्ठाही ओल धरतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. रंग मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क हवा. गॅस किंवा देवघरातला दिवा जवळ नको, कारण स्प्रेची वाफ पेट घेते.

तोल आणि फुंकर

दिवाळीच्या रॉकेटला लांब काडी असते, ती तोल राखते. मॉडेल रॉकेटमध्ये तेच काम पंख करतात. त्यासाठी रॉकेटचा वजनाचा मध्य हा हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा टोकाकडे, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे असावा लागतो.

हे घरीही तपासता येतं. इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाची वस्तू बसवायची. पॅराशूट आत ठेवून रॉकेट जिथे आडवं तोलतं तिथे दोरा बांधायचा आणि मोकळ्या जागेत डोक्यावरून गोल फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर तोल बरोबर. उलटंसुलटं व्हायला लागलं तर टोकात थोडी माती भरून पुन्हा बघायचं.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. मागच्या बाजूनं नळीत जोरात फुंकर मारायची. टोक सुटून पॅराशूट बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर टोक घट्ट आहे किंवा घडी चुकली आहे.

मग उडवायचं कुठे?

भारतात स्फोटक बनवणं, बाळगणं, विकणं आणि त्याची ने-आण यांवर १८८४ च्या स्फोटक कायद्याचं आणि २००८ च्या नियमांचं बंधन आहे. परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मामानं किट बॅगेतून आणलं तर चालतं, इंजिन मात्र विमानात चालत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात.

जागेचाही प्रश्न आहे. अमेरिकेतल्या सुरक्षा नियमांप्रमाणे ‘ए’ इंजिनाला निदान ३० मीटर आणि ‘सी’ला १२० मीटर रुंद मोकळं मैदान लागतं. उडवणारा किमान ५ मीटर दूर उभा राहून विजेच्या बटणानं इंजिन पेटवतो, काडी किंवा वात लावत नाही. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरात ५ लाखांहून जास्त लोक होते आणि शहर जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं. त्यात रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारा आणि अंबरनाथमधला संरक्षण खात्याचा परिसर. गच्चीवरून किंवा गल्लीतून सोडायचा विचार डोक्यातूनच काढलेला बरा.

रस्ता बंद आहे असं मात्र नाही. आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांचा रॉकेट गट आहे. २०२५ मध्ये इन-स्पेस आणि अॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली. खरं इंजिन हाताळायची जागा तीच, जिथे परवानगी, मैदान आणि जाणकार माणसं तिन्ही असतात.

तोपर्यंत शाळेच्या मैदानावर पाण्याचं रॉकेट आहेच. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, तिला पंख लावायचे, एक तृतीयांश पाणी भरायचं, भोक पाडलेल्या बुचातून सायकलच्या पंपानं हवा भरायची. पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. नियम न्यूटनचाच, आग मात्र कुठेच नाही. काचेची किंवा चिरा पडलेली बाटली वापरायची नाही, मोठं माणूस जवळ हवं आणि हवा भरताना बाटलीवर वाकायचं नाही.

पंख सरळ लावणं, तोल काढणं, पॅराशूट घडी घालणं हे सगळं त्या बाटलीवरही शिकता येतं. अमेरिकेहून आलेलं किट तोवर रंगवून कपाटावर उभं राहिलं तरी बिघडत नाही. बांधणाऱ्याची दहाही बोटं शाबूत असली, तर ते उडवायचा दिवस कधीतरी येईलच.