गाईचं औषध, मांजराचं विष

वसुबारसेला आमच्या गोठ्यात गाय-वासराला ओवाळतात, तेव्हा मनी गव्हाणीच्या कडेवर बसून बघत असते. कडबा आणि पेंडीची पोती उंदरांपासून तीच राखते. तिचं दुखणंखुपणं मात्र कोणी विचारत नाही. तिच्या आधीची मांजर आमच्या अज्ञानानं गेली. म्हशीला गोचिडाचं औषध फवारलं होतं. थंडीचे दिवस, मांजर नेहमीसारखी म्हशीच्या पाठीवर जाऊन निजली आणि उठल्यावर अंग चाटत बसली. दिवेलागणीला तिला कापरं भरलं, तोंडाला फेस आला. पहाटेपर्यंत ती गेली होती. म्हैस ठणठणीत होती.

औषध चांगलं होतं, प्रमाणही बरोबर होतं. एका छपराखाली राहणाऱ्या जनावरांचे देह वेगवेगळे असतात, एवढंच आम्हाला ठाऊक नव्हतं.

गोचिडांवर सर्रास वापरली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं गाई-म्हशींचं शरीर निभावून नेतं. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा फार तोकडी आहे. म्हणून फवारणीच्या दिवशी मांजर घरात कोंडावी, जनावराचं अंग पुरतं सुकल्यावरच सोडावी. औषध अंगाला लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळीही याच कारणानं मांजराच्या जिवावर उठते. एकाच गोळीनं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. मायेपोटी दिलेल्या गोळीनं जीव गेला की त्या माणसाला ते जन्मभर लागून राहतं.

खाण्याचंही तसंच. मांजराला टॉरिन लागतं आणि ते मांस-मासळीतून मिळतं, धान्यातून नाही. त्याच्या कमतरतेनं मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं. शेतावरची मांजर उंदीर मारून आपली गरज भागवते. शहरातल्या बंद घरात दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजरीचे हाल होतात, आणि वयात आलेल्या पुष्कळ मांजरांना दूधही पचत नाही.

गाईचं नेमकं उलटं. तिच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या वर ऐवज मावतो आणि त्यातले सूक्ष्मजीव कडबा, गवत आंबवून तिला पोसतात. खरं तर आपण गाईला चारा घालतो म्हणजे त्या जिवांना घालतो. बेंदराला, पोळ्याला किंवा लग्न उरकल्यावर घमेलंभर भात, पुरणपोळ्या, पीठ पुढ्यात आलं की गाय-बैल ते आवडीनं खातात. पोटात मात्र पिष्टाचं भराभर आम्ल होतं, चारा पचवणारे जीव मरतात, रक्तातलं पाणी कोठीपोटात ओढलं जातं. जनावर रवंथ सोडतं, डोळे खोल जातात, आंबूस वासाचं पातळ शेण पडतं, मग ते बसतं ते उठत नाही. सुरुवातीला खाण्याच्या सोड्याचं पाणी पाजून डॉक्टर येईपर्यंत निभतं. उशीर झाला तर शिरेतून सलाईन देऊनही हाती लागेलच असं नाही. नैवेद्याचा एक घास सणाला पुरतो. आळीतल्या दहा घरांनी प्रेमानं आणलेली दहा ताटं गाईला सोसत नाहीत, आणि ती परत पाठवताना मला आजही संकोच वाटत नाही.

चिकाबद्दलचा एक जुना समज मात्र मोडायलाच हवा. वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये, असं अजून कितीतरी घरांत मानतात. गाईच्या वारेतून वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मल्यानंतर काही तासांतच ओसरते. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर तरी चीक पोटात जायला हवा. खरवस त्यानंतरचा.

देहांचं हे वेगळेपण ओळखून पशुवैद्यकानं मोठी कामंही करून घेतली. 1889 मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि 1893 मध्ये कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला गेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या बुळकांडीचा विषाणू 1920 च्या दशकात तिथले संशोधक एडवर्ड्स यांनी एका शेळीतून दुसऱ्या शेळीत नेत नेत गाई-बैलांपुरता सौम्य करून घेतला, आणि त्याची लस झाली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असं भाग्य याच एका रोगाच्या वाट्याला आलं. 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीतही आपल्या गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस, कारण दोन्ही विषाणू भाऊबंद.

आज गाय-म्हशीच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी दारात येते, 1962 ला फोन केला तर फिरतं पथक येतं. मांजरासाठी यातलं फारसं काही नाही. पिल्लं ओकून-ढाळून एकामागून एक मेली की घरात म्हणतात, जागा लाभत नाही. त्या म्हणण्यात निरीक्षण खरं आहे. मांजरांच्या त्या संसर्गाचा विषाणू एकाच कोपऱ्यात वर्षभर जिवंत राहू शकतो आणि पुढच्या विणीलाही गाठतो. कोपरा ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं धुवावा आणि पिल्लं दोन महिन्यांची होताच त्यांना लस द्यावी.

रेबीजची लस तर घरातल्या माणसांसाठीही हवी, कारण पिसाळलेली मांजरही चावते. गाय लाळ गाळू लागली, तिला गिळता येईना, की घशात काही अडकलं समजून माणसं हात घालतात. तो रेबीजही असू शकतो, म्हणून हात घालू नये, आधी डॉक्टरांना बोलवावं. आणि पुढच्या वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळी न्याल, तेव्हा झाकणाच्या करंडीत मनीलाही घेऊन जा.