सोबतीचे औषध

अमेरिकेतील ७,३४,८८९ कर्करुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अविवाहित, घटस्फोटित व जोडीदार गमावलेल्यांच्या तुलनेत विवाहितांमध्ये कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळली. विवाहितांचे निदान अधिक लवकर झाले होते; योग्य उपचारही त्यांनाच अधिक प्रमाणात मिळाले होते.

माझ्या मते हे श्रेय अक्षतांचे नव्हे, सोबतीचे. न भरणारी जखम वेळीच पाहून दवाखान्यात नेणारे कोणीतरी घरात असते. मावळातील खेड्यातून परळच्या टाटा रुग्णालयात जायचे, तर लोणावळ्याहून गाडी धरावी लागते. केमोथेरपीनंतर थकल्या देहाने घाट चढून एकट्याने परतणे कठीणच. आपल्या कुटुंबात एकटी आत्या वा विधुर काका असतील, तर त्यांच्या पुढील तपासणीची तारीख आपल्या दिनदर्शिकेत लिहावी आणि त्या दिवशी सोबत जावे.